कोळशाची रेघ

गुरुवारी दुपारी तीन वाजता इराने ऑफिसची मीटिंग संपवली, कानातले हेडफोन काढले आणि तिला मागच्या खोलीतला कालवा ऐकू आला. कोंबडी ओरडत होती. अंडं घातल्यावर कोंबड्या गावभर जो डंका पिटतात, तो हा आवाज नव्हता. ही खोल घशातून खुडखुडत होती आणि मधूनच किंचाळत होती. इरा लॅपटॉप तसाच उघडा टाकून मागे धावली. एक तांबडी कोंबडी पिसं फुलवून रिकाम्या टोपलीत उभी होती. पायांनी पेंढा विस्कटायची, बाहेर उडी मारायची, पुन्हा आत शिरायची. शेजारच्या टोपलीत, जिथे इराच्या समजुतीप्रमाणे कोंबडी अंडी उबवत बसली होती, तिथे कोणीच नव्हतं. एक ताजं अंडं तेवढं पडलं होतं.

इराच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने दुपारी भलत्याच टोपलीतली अंडी उचलली होती.

सासूबाईंचं, म्हणजे मालूबाईंचं सांगणं तसं सरळ होतं. उरणला हळदीला जायच्या घाईत, एक पाय मुलाच्या, मितेशच्या गाडीत ठेवून त्यांनी सांगितलं होतं, की मागे दोन टोपल्या आहेत. एकीत खुडूक कोंबडी उबवायला बसली आहे, तिच्या वाटेला जायचं नाही. दुसरीत बाकीच्या कोंबड्या अंडी घालतात, ती दुपारी उचलून फ्रीजमध्ये ठेवायची. कुठली टोपली कुठली हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही, कारण बसलेली कोंबडी दिसतेच की. लग्न होऊन आठ महिने झाले तरी सून त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत गेलेली नाही, हे त्यांच्या ध्यानात राहिलं नसावं. आणि खुडूक कोंबडीसुद्धा दिवसातून एकदा उठते, दाणे टिपते, राखेत अंग घोळून घेते आणि परत येते, हे इराला कधी कोणी सांगितलं नव्हतं. पुण्याला तिच्या माहेरी अंडी दुकानातून यायची, पुठ्ठ्याच्या ट्रेमधून.

साडेबाराला इरा मागे गेली तेव्हा खुडूक नेमकी राखेत लोळायला गेली होती, आणि दुसरी तांबडी, रंगरूपाने तिची जुळी बहीण शोभावी अशी, अंडं घालायला शेजारच्या टोपलीत ऐसपैस बसली होती. इराने बसलेलीला मान दिला आणि दुसऱ्या टोपलीतली तेरा अंडी गोळा केली. अंडी हाताला गरम लागली, पण एप्रिल महिना आणि वर पत्रा, तेव्हा तिने ते मनावर घेतलं नाही. प्रत्येक अंड्यावर एक काळी रेघ होती. इराच्या आईची शिस्त अशी, की अंडी ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय फ्रीजमध्ये जायची नाहीत. इराने तेराही अंडी घासूनपुसून चकचकीत केली, रेघा घालवल्या आणि फ्रीजमधल्या आधीच्या सहा अंड्यांशेजारी ओळीने लावून ठेवली. सासरी इतकं मन लावून तिने हे पहिलंच काम केलं असेल.

त्यात ती अंडी मालूबाईंची असती तर गोष्ट वेगळी होती. घरातल्या घरात चार शब्द ऐकून प्रकरण मिटलं असतं. पण ती होती हौसामावशींची.

हौसामावशी आणि मालूबाई एकाच गावात जन्मल्या. मालूबाई लग्न होऊन विचुंब्याला आल्या, हौसामावशींना गावातच दिलं. पुढे ते सबंध गाव विमानतळात गेलं. भातखाचरं गेली, घरं गेली, देव नव्या जागी नेऊन बसवले, आणि हौसामावशी करंजाड्याला चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आल्या. येताना त्यांनी पाच कोंबड्या आणि एक कोंबडा आणला होता. या कोंबड्यांच्या पायांना नखांपर्यंत पिसं असायची. गावात त्यांना पैंजणवाल्या म्हणत. हौसामावशींना ही जात त्यांच्या सासूकडून आली होती. काही वर्षं त्यांनी ती इमारतीच्या गच्चीवर सांभाळली. या वर्षी कोंबड्याच्या आरवण्यावरून सोसायटीने ठराव केला, तेव्हा त्यांनी सगळी पाखरं भाच्याकडे नेऊन दिली. भाच्याने सांभाळतो म्हणून तोंडभरून कबूल केलं आणि आठव्या दिवशी पाहुणे आले म्हणून सहाही रश्श्यात घातली.

राहिली ती ही तेरा अंडी. देण्याआधीच्या दिवसांत जमलेली, कोंड्याच्या डब्यात जपून ठेवलेली. हौसामावशी तो डबा मांडीवर घेऊन रिक्षाने विचुंब्याला आल्या होत्या. मालूबाईंची कोंबडी त्याच सुमारास खुडूक झाली होती. बोलणं अर्धेलीवर ठरलं, म्हणजे अंडी एकीची, कोंबडी दुसरीची आणि निघतील ती पिल्लं निम्मी निम्मी. ताज्या अंड्यांत मिसळू नयेत म्हणून मालूबाईंनी प्रत्येकावर कोळशाने रेघ ओढली, टोपलीत कोंबडीच्या बुडाखाली एक लोखंडी खिळा ठेवला आणि कोंबडी बसवली. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघायची होती. आज सतरावा दिवस होता. या तेरांतून काही निघालं नाही, तर पैंजणवाल्या संपल्या.

आणि दर गुरुवारी चार वाजता हौसामावशी अंडी बघायला यायच्या.

इराने फ्रीज उघडला. एकोणीस अंडी, सगळी एकसारखी स्वच्छ, सगळी बर्फासारखी गार. तिने मालूबाईंना फोन लावला, तो वाजून वाजून बंद झाला. मितेशला केला, तो त्याने उचलला. मागे बेंजो दणाणत होता आणि आई नाचतेय, तुला दाखवू का, असं तो ओरडून विचारत होता. सांगून टाकावं असं तिला वाटलं. शब्द जिभेवर आलेही, पण आठ महिन्यांत पहिल्यांदा सासूने घरातली काहीतरी जिवंत गोष्ट तिच्यावर सोपवली होती. काही नाही, सहज केला, म्हणून तिने फोन ठेवला. खरं तर तिला रडू येत होतं.

मग तिने बाथरूममध्ये जाऊन दार लावलं, दिवा घालवला आणि एकेक अंडं मोबाईलच्या बॅटरीवर धरलं. खायची अंडी नारिंगी उजळायची. उबवलेली उजळत नव्हती. वरची थोडी जागा सोडली तर सगळी काळीभोर दिसायची. तेरा काळी निघाली, तेव्हा निवड तरी चुकली नव्हती. तेराव्या अंड्यात कडेला एक बारीक शीर दिसली आणि तिच्यापलीकडे काहीतरी दाटीवाटीने बसलेलं दिसलं. इरा श्वास रोखून बघत राहिली. ते हललं नाही. अंड्यांतल्या जिवांना आपण अडीच तास फ्रीजमध्ये ठेवलं, हे तिला तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं.

तिने अंडी ओढणीत बांधून पोटाशी धरली. गार बोचकं पोटाला झोंबत होतं. तसंच धरून ती पाच मिनिटं घरभर फिरली, आणि फिरता फिरता तिला रेघा आठवल्या. कोळसा कुठे असतो ते ठाऊक नव्हतं आणि शोधायला वेळ नव्हता. आरशापुढे तिची न फिसकटणारी काजळाची पेन्सिल पडली होती. तिने तेरा अंड्यांवर तेरा रेघा ओढल्या, सुबक, नाजूक. इथपर्यंतची चूक अजाणतेपणाची होती. ही पुढची मात्र जाणूनबुजून केलेली होती, आणि ते इरालाही कळत होतं.

टोपलीत हात घातला तशी कोंबडीने मनगटावर अशी चोच मारली, की रक्त आलं. इराने हात मागे न घेता अंडी एकेक करून आत ठेवली. कोंबडीने मान वाकडी करून अंड्यांकडे एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्या डोळ्याने बघितलं. चोचीने एक अंडं आत ओढलं, मग दुसरं, पंख पसरले आणि वर बसली. तिला ना रेघांचं पडलं होतं ना फ्रीजचं. इरा तिथेच भिंतीला टेकून खाली बसली, आणि बाहेर रिक्षा थांबली.

हौसामावशी साठी उलटलेल्या, बारीक, भरभर चालणाऱ्या. चपला काढल्या की त्या आधी मागे जायच्या, पाणीसुद्धा नंतर. आजही तशाच गेल्या. त्यांनी कोंबडीशी काहीतरी पुटपुटत तिच्या पोटाखाली हात सरकवला. त्यांच्या हाताला कोंबडी चोच मारत नसे. इरा दारात उभी होती. हात आत गेला आणि बराच वेळ आतच राहिला.

"आज लई येळ भायेर व्हती काय ही?" हौसामावशींनी विचारलं.

"हो. थोडा वेळ," इरा म्हणाली.

हौसामावशींनी हात बाहेर काढला, बोटांकडे बघितलं, मग इराच्या मनगटाकडे बघितलं. चोच लागली का, म्हणून विचारलं. दाणे टाकताना लागली, असं इराने सांगितलं. एरवी मावशी चहा घेता घेता गावातल्या अंगणाच्या दोन गोष्टी सांगायच्या. कोंबडा तुळशीकट्ट्यावर चढून कसा आरवायचा ते त्या आवाजासकट करून दाखवायच्या. आज त्यांनी गोष्ट सांगितली नाही. रविवारी येते, विसाव्या दिवशी अंडी पाण्यात सोडून बघू, एवढं म्हणून त्या गेल्या.

शुक्रवारी संध्याकाळी मालूबाई हळदीची पिवळी साडी नेसूनच परत आल्या. इरा त्यांच्या फोनकडे बघत होती. तो वाजला की ती हातातलं काम टाकून कान द्यायची. हौसामावशींचा फोन आला नाही. शेवटच्या दिवसांत बसलेल्या कोंबडीला कोणी उठवत नाही, त्यामुळे मालूबाईंनी टोपलीत हात घातला नाही. इरा मात्र दिवसातून दहा वेळा मागे जायची. पाण्याची वाटी भरायची, कोंबडी उठली की घड्याळ लावून बसायची, ती परत बसेपर्यंत हलायची नाही. मालूबाईंना वाटलं, सुनेला कोंबड्यांचा लळा लागला. त्यांनी कौतुकाने शेजारणीला बोलावून सांगितलं, की पुण्याची पोर पण बघ कशी रमली. हे कौतुक इराला त्या चोचीपेक्षा जास्त बोचलं. सकाळ-संध्याकाळ चहा घेऊन दोघी ओट्यावर बसत, आणि दर वेळी तिला वाटे, आता सांगावं. चहा संपायचा आणि सांगायचं राहून जायचं.

शनिवारी दुपारी आभाळ भरून आलं आणि न बरसताच दोनतीनदा गडगडलं. मालूबाईंनी वर बघितलं. गडगडाटाने अंडी बिघडतात, आतलं पिल्लू दचकून मरतं, त्यासाठीच टोपलीत खिळा असतो, असं त्यांनी इराला समजावून सांगितलं. तरीपण कधीकधी खिळ्यालाही जमत नाही, असंही म्हणाल्या. इराच्या मनात आलं, की पिल्लं निघाली नाहीत तर आता कोणी कारण विचारणार नाही. दोष ढगांवर गेला. तिला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःची शिसारी आली.

रविवारी हौसामावशी सकाळीच आल्या. ओट्यावर टोप ठेवला होता, त्यात कोमट पाणी. ही जुनी रीत आहे. पिल्लू निघायच्या आदल्या दिवशी अंडं कोमट पाण्यात सोडलं, की आतलं जिवंत पिल्लू पाय झाडतं आणि अंडं आपोआप डुलतं. मेलेलं नुसतं तरंगतं. मालूबाईंनी कोंबडीला डालग्याखाली झाकलं आणि अंडी फडक्यात गुंडाळून बाहेर आणली. पहिलं अंडं हातात घेतलं.

"काल जरा गडगडला," त्या हौसामावशींना म्हणाल्या. "बगू काय निगतंय."

"गडगडण्याने काही झालेलं नाही," इरा म्हणाली.

दोघींनी वर बघितलं. इराला वाटलं होतं आवाज फुटणार नाही, पण एकदा सुरुवात झाल्यावर तिने सगळं सांगितलं. रिकामी टोपली, ओलं फडकं, फ्रीज, अडीच तास, काजळाची पेन्सिल. मावशींना त्या दिवशी तोंडावर खोटं सांगितलं तेही. सांगताना ती कोणाकडे बघत नव्हती, टोपातल्या पाण्याकडे बघत होती.

मालूबाईंच्या हातातलं अंडं हातातच राहिलं. चेहरा लाल झाला होता.

"चूक झाली ती झाली," त्या म्हणाल्या. "पन दोन दिस माझ्या तोंडाकडं बगत चहा पीत व्हतीस?"

इरा टोपाजवळ खाली बसली.

"मना माहीत व्हता," हौसामावशी म्हणाल्या.

मालूबाई त्यांच्याकडे वळल्या. हौसामावशींनी शांतपणे सांगितलं, की गुरुवारी हात घातला तेव्हाच कळलं, वरून ऊब आणि खालून गार. शिवाय कोळशाची रेघ बोटाला लागते, ही लागली नाही. मालूबाईंनी विचारलं, मग बोलली का नाहीस, जात तुझी बुडत होती.

"बोलले असते तर तू हिला त्या खोलीत परत पाय ठेवू दिला नसतास," हौसामावशी म्हणाल्या. "मंग तुझ्यामागं कोन बगनार ती पाखरा? मी चवथ्या माळ्यावर, तू सासष्ट वर्षांची. मना बगायचा व्हता, ही सांगते का नाय. सोड आता अंडा पान्यात."

मालूबाईंनी अंडं सोडलं. ते तरंगलं आणि स्थिर राहिलं. तिघींनी वाट बघितली. मालूबाईंनी ते उचलून ताटलीत ठेवलं आणि दुसरं सोडलं. तेही स्थिर. तिसरं, चौथं, पाचवं. पाण्यावर रेघ तेवढी दिसायची, पुसली न गेलेली, काळी कुळकुळीत. ताटली भरत चालली. सहावं, सातवं. आठव्याला हौसामावशींनी डोळे मिटून घेतले आणि पदराचं टोक मुठीत धरलं. इराला त्यांच्याकडे बघवेना. त्या बाईचं एक गाव जाऊन झालं होतं, आणि जे उरलं होतं ते आपण ओल्या फडक्याने पुसून टाकलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

नववं अंडं पाण्यात गेलं, थांबलं आणि हललं. अगदी किंचित. मालूबाईंनी हात वर केला, पाण्याला कोणाचा धक्का तर नाही ना म्हणून. पाणी शांत होतं. अंडं पुन्हा डुललं, या वेळी चांगलं जोराने.

"मावशी, बघा," इरा म्हणाली. हौसामावशींनी डोळे उघडले.

तेरांपैकी चार हलली. मालूबाईंनी ती चार पुसली, कोंबडीखाली ठेवली आणि इराशी एक शब्दही न बोलता आत निघून गेल्या.

सोमवारी एकविसावा दिवस. दिवसभर काही झालं नाही. टरफलाला तडा नाही, आतून टकटक नाही. मालूबाई इराशी बोलत नव्हत्या. चहा आपला आपण करून घेत होत्या. मितेश दोघींच्या मध्ये बसून जेवला आणि मुकाट्याने ताट उचलून गेला. इराने ऑफिसला सुट्टी टाकली होती. काल हलली ती आज गेली असतील, असं तिच्या मनात दर तासाला यायचं आणि ती कोंबडीच्या अंगाला कान लावायची. कोंबडीने आता तिला चोच मारायचंही सोडून दिलं होतं.

मंगळवारी सकाळी आठला तिला पहिली चिवचिव ऐकू आली, टरफलाच्या आतून. गारठ्याने एक दिवस मागे पडली होती एवढंच. दुपारपर्यंत तीन निघाली. चौथ्याने टरफलाला भोक पाडलं आणि ते तिथेच अडकून बसलं. इरा ते सोलायला पुढे झाली तेव्हा मालूबाईंनी तिचा हात धरला आणि मानेनेच नको म्हटलं. ओढून काढलेलं पिल्लू जगत नाही. दोघी तशाच बसल्या, हात धरून, चार वाजेपर्यंत. मग टरफलाचं टोपण निघालं आणि ते ओलंचिंब बाहेर पडलं.

हौसामावशींची रिक्षा संध्याकाळी पाचला आली. पिल्लं वाळून गोंड्यासारखी झाली होती. मावशींनी एकेक उचलून उलटं केलं आणि पाय बघितले. चारही पिल्लांच्या पायांवर बारीक पिवळी लव होती, पार बोटांपर्यंत. एका पिल्लाचा पाय अंगठ्याने चोळत त्या कितीतरी वेळ बसल्या, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

मालूबाई म्हणाल्या, की मला वाटा नको, चारही तुझी. हौसामावशींनी ऐकलं नाही. ठरलं ते ठरलं, दोन तुझी, दोन माझी. त्यांनी दोन पिल्लं निवडली आणि इराला ओंजळ पुढे करायला सांगितली.

"ही माझी दोन," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं जागा नाय. तुला देते, अर्धेलीनं. यांची पुढं पिल्ला व्हतील ती निम्मी तुझी, निम्मी माझी. जमंल?"

इराच्या ओंजळीत दोन ऊबदार जीव थरथरत होते. अर्धेली म्हणजे माणसावर भरवसा, एवढं तिला आता या घरात राहून कळलं होतं. नऊ अंडी तिच्या हातून गेली होती आणि समोरची बाई तिच्याशी व्यवहार करत होती, बरोबरीच्या माणसाशी करावा तसा. तिने होकारार्थी मान हलवली.

आता कुठली दोन कुणाची, ते ओळखायला खूण हवी होती. हौसामावशींनी चुलीतला कोळसा मागितला. तेव्हा मालूबाई बोलल्या, दोन दिवसांत पहिल्यांदा, थेट सुनेकडे बघून.

"कोलसा नको," त्या म्हणाल्या. "ह्या घरात कोलशाचा काय खरा नाय. जा, तुझी ती काजलाची पेन्सिल आन."

इराने पिल्लं मावशींच्या पदरात ठेवली आणि ती पेन्सिल आणायला पळाली.